बाटलीला नाका, मद्यप्याला मोकळी वाट

गोव्याहून बेळगावकडे येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. एक साखळीवरून चोर्ला घाट चढून कणकुंबी-जांबोटीमार्गे येते. दुसरी फोंडा-मोले मागे टाकून अनमोडचा घाट चढते आणि लोंढा-खानापूरवरून शहरात शिरते. तिसरी सावंतवाडीहून आंबोली व चंदगड करीत शिनोळीपाशी हद्द ओलांडते. या तिन्ही वाटांवर राज्याची सीमा लागते, आणि सीमेवर सरकार उभे असते. गाडी थांबविली जाते, डिकी उघडली जाते, पिशव्या चाचपल्या जातात. गोव्याची चोरटी बाटली हाती लागली की पंचनामा होतो, जप्ती होते, अटक होते आणि दुसऱ्या दिवशी मुद्देमालासह छायाचित्र छापून येते. परंतु तीच बाटली एखाद्या गृहस्थाने हद्दीच्या अलीकडेच पोटात रिचविली असेल आणि तो स्वतः गाडी हाकीत असेल, तर त्याला अडविणारा बहुधा कोणी भेटत नाही. डिकीतील दारू हा राज्याविरुद्धचा गुन्हा आणि पोटातील दारू हा ज्याचा त्याचा खासगी मामला, असा हा न्याय आहे!

हा न्याय अजाणतेपणी घडलेला नाही. डिकीतील बाटलीने सरकारचा कर बुडतो. पोटातील दारूने सायकलीवरून घरी परतणारा कामगार बुडतो, रस्त्याच्या कडेने चालणारी भाजीवाली बुडते, पाठीमागच्या आसनावर झोपी गेलेले लेकरू बुडते. यांच्या बुडण्याची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात नसते. कर्नाटक सरकारने 2025-26 च्या अंदाजपत्रकात अबकारी उत्पन्नाचे उद्दिष्ट 40,000 कोटी रुपयांचे धरले होते. महाराष्ट्र आणि गोवा या बाबतीत फार वेगळे आहेत असे नाही. ज्या सरकारांची तिजोरी प्याल्याने भरते, त्यांनी पिणाऱ्याच्या हातची किल्ली काढून घ्यावी, ही अपेक्षा त्यांना अवघड वाटते. पण ती सोडून देणे आम्हांला शक्य नाही.

2022 साली देशातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. याच सालच्या सरकारी वर्गवारीत मद्याच्या वा अमली पदार्थांच्या अमलाखाली झालेल्या अपघातांतील मृत्यूंचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे, आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेगा’च्या खात्यावर जमा आहेत. या अडीच टक्क्यांवर ज्याला विश्वास ठेवायचा असेल त्याने खुशाल ठेवावा. अपघात झाल्यावर जखमीला उचलण्याची धावपळ होते, वाहन बाजूला ओढले जाते आणि पंचनाम्यात ‘भरधाव व हयगयीने’ हे ठरीव शब्द पडतात. चालक मेला असेल तर त्याच्या रक्ताची तपासणी करण्याची निकड कोणाला वाटत नाही. जिवंत असेल तर दारूची नोंद होऊ नये, विम्याचे पैसे अडू नयेत, म्हणून आप्तांची धडपड सुरू होते. वेग का वाढला, हा प्रश्न त्या कागदावर विचारलाच जात नाही. रोगाचे नावच लिहावयाचे नाही असे ठरविले, म्हणजे तो रोग गावात नाही असे म्हणता येते.

माणूस पिऊन गाडी का चालवितो? तो दुष्ट असतो म्हणून, हे उत्तर सोपे असले तरी खरे नाही. दारूचा पहिला घाला हातापायांवर पडत नाही, तो विवेकावर पडतो. पाय लटपटण्याच्या कितीतरी आधी ‘आपण ठीक आहोत का’ हे ठरविणारी बुद्धीच मंदावते. म्हणजे ज्या न्यायाधीशाने निकाल द्यावयाचा, त्यालाच आरोपीने प्रथम लाच चारलेली असते. साठ मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात सुमारे वीस ग्रॅम मद्यार्क असतो आणि साठ-पासष्ट किलो वजनाच्या माणसाला कायद्याची मर्यादा ओलांडावयास तेवढा एक पेग पुरतो. शरीर हा मद्यार्क आपल्याच संथ गतीने जाळते. रक्तातील प्रमाण दर तासाला शंभर मिलिलिटरमागे सुमारे पंधरा मिलिग्रॅमने उतरते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. रात्री नऊला चार पेग घेऊन बसलेला माणूस पहाटे सहाला ‘झोप झाली, उतरली’ म्हणून गाडी काढतो, तेव्हाही तो कायद्याच्या मर्यादेबाहेर असू शकतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटर पुढे जाते. दारूने ब्रेकवर पाय पडावयास एवढाच अर्धा सेकंद उशीर केला, तरी त्या आठ मीटरांत एका घराचा सर्वनाश मावतो.

दुसरे कारण याहून मोठे आहे, आणि ते अनुभवाचे आहे. पिऊन गाडी चालविणारा माणूस पहिल्यांदाच तसे करीत नसतो. त्याने ते पन्नासदा केलेले असते आणि पन्नासही वेळा तो सुखरूप घरी पोचलेला असतो. कोणी अडविले नाही, कोणी श्वास तपासला नाही, बायकोने फार तर तोंड फिरविले. प्रत्येक सुखरूप रात्र त्याला शिकवीत जाते की, कायदा पुस्तकात आहे, रस्त्यावर नाही. एक्कावन्नाव्या रात्री जो अपघात होतो, त्याला आपण दैव म्हणतो. दैव कसले? ती त्या पन्नास रात्रींची थकबाकी असते.

तिसरे कारण रस्त्याच्या रचनेत आहे. ज्या ठिकाणी वाहनावाचून पोचताच येत नाही, अशा ठिकाणी आपण मद्यालयांना परवाने देतो. महामार्गालगतचा बार आणि त्यापुढील गाड्यांची रांग यांचा अर्थ परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला कळत नाही काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश दिला. तो 1 एप्रिल 2017 पासून अमलात यावयाचा होता. त्याच्या आदल्याच दिवशी वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटरांवर आणले गेले. पुढे त्याच वर्षी नगरपालिकांच्या हद्दी त्यातून वगळल्या गेल्या. कित्येक राज्यांनी महामार्गांचा दर्जाच काढून घेऊन पळवाट शोधली. रस्ता तोच, बार तोच, गाड्या त्याच. बदलली ती पाटी! आणि रात्री नवानंतर त्या बारपासून गावाकडे जाणारी बस मात्र कोणीही सुरू केली नाही.

आता शिक्षेकडे वळू. आपला कायदा सौम्य आहे अशी सर्वसामान्य समजूत आहे, ती पुरती खरी नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 ने रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅम मद्यार्काची मर्यादा घातली आहे. इंग्लंडात ही मर्यादा 80 आहे. 2019 च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड 2,000 वरून 10,000 रुपयांपर्यंत नेला. सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पुढच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड आहे. कलम 20 प्रमाणे, दोषी ठरलेल्याचा परवाना निदान सहा महिने काढून घेण्यासही न्यायालय बांधलेले आहे. कागदावर हे सारे चोख आहे. मग उणे कोठे आहे?

उणे आहे ते पकडण्यात. कलम 203 प्रमाणे पोलिसाला श्वास तपासावयाचा तर चालक प्यालेला असल्याचा वाजवी संशय आधी यावा लागतो. मुरलेला मद्यपी सरळ गाडी चालवितो आणि संशय चुकवितो. सापडतो तो नवखा. अटक झालीच तर कलम 202 प्रमाणे दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, नाही तर त्याला सोडावे लागते. कणकुंबीच्या रानात रात्री दीड वाजता पकडलेल्या माणसाला खानापूर किंवा बेळगावच्या रुग्णालयात नेऊन, झोपेतून डॉक्टर उठवून, हे सारे दोन तासांत उरकणे म्हणजे काय, हे या भागातील वाचकांना सांगावयास नको. आणि खटला उभा राहिलाच, तर बहुधा दंडावर भागते. हा दंड तरी सर्वांना सारखा लागतो काय? मालमोटारीच्या चालकाला दहा हजार रुपये म्हणजे घरच्या चुलीचा प्रश्न. बड्या बापाच्या मुलाला ते एका रात्रीचे बिल. फिनलंडमध्ये 1921 पासून गुन्हेगाराच्या रोजच्या उत्पन्नाच्या हिशेबाने दंड आकारण्याची पद्धत आहे. आपल्याकडे ती येईल तेव्हा येवो. परवाना आणि वाहन या दोन गोष्टी अशा आहेत की, त्या काढून घेतल्या म्हणजे गरीब-श्रीमंत दोघेही सारखेच पायी चालू लागतात.

माणूस मेल्यानंतरचा न्याय तर आणखी विचित्र. नोव्हेंबर 2006 मध्ये मुंबईच्या कार्टर रस्त्यावर पदपथावर झोपलेल्या मजुरांवरून मोटार गेली आणि सात जण मेले. पहिल्या न्यायालयाने शिक्षा दिली ती सहा महिन्यांची. उच्च न्यायालयाने ती सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षे केली आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. सात जीव, पाच वर्षे आणि तीन वर्षांची कैद! मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. पहिल्या दिवशी जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध लिहावयास सांगण्यात आले, आणि पुढे रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून सरकारी डॉक्टरांना अटक झाली. त्या आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आम्हांला येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, जेथे रक्ताची कुपी बदलता येईल असे लोकांना वाटते, तेथे शिक्षेची वर्षे वाढवून धाक बसत नाही. कुपी बदलण्याची किंमत तेवढी वाढते.

असा अपघात घडला की ‘फाशी द्या’ अशी आरोळी उठते. तो संताप आम्हांला समजतो, पण मागणी आम्हांला मान्य नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने हयगयीने मृत्यू घडविण्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांपर्यंत नेली. अपघात करून न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांची तरतूदही केली होती. जानेवारी 2024 मध्ये चालकांनी संप पुकारला आणि ते पोटकलम अमलात आणण्याचे थांबविण्यात आले. चालकांचे म्हणणे असे की, थांबलो तर जमाव जिवे मारील. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. अपघातस्थळी चालकाला बडविणारे आपण आणि ‘चालक फरार’ म्हणून हळहळणारेही आपणच. त्या धावपळीत रक्तबंबाळ होऊन पडलेल्याकडे कोण पाहतो? जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला कायद्याने 2019 पासून स्पष्ट संरक्षण दिलेले आहे. हात उगारण्यापेक्षा हात लावा.

शिक्षेचा धाक तिच्या कठोरपणात नसतो, अटळपणात असतो, हे इटलीच्या बेक्कारियाने 1764 मध्येच सांगून ठेवले. रस्त्यांनी त्याचा पुरावा दिला आहे. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 1967 मध्ये श्वासपरीक्षेचा कायदा लागू झाला, तेव्हा आरंभी रात्रीचे अपघात झपाट्याने घटले; परंतु पकडले जाण्याचा संभव आपण समजत होतो तितका नाही, हे चालकांना उमगताच तो गुण ओसरत गेला. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स प्रांताने डिसेंबर 1982 पासून संशय असो वा नसो, रस्त्यावर कोणालाही थांबवून श्वास तपासण्यास प्रारंभ केला. तपासणी नेटाने चालू ठेवली, म्हणून मृत्यू घटले ते घटलेलेच राहिले. जपानमध्ये 2006 साली फुकुओका येथे मद्यधुंद चालकामुळे तीन बालके बुडून मेली; पुढच्याच वर्षी त्या देशाने चालकाला दारू पाजणारा, त्याला वाहन देणारा आणि जाणूनबुजून त्याच्या शेजारी बसणारा, या तिघांनाही शिक्षेच्या कक्षेत आणले. आम्हांला हे तत्त्व मोलाचे वाटते. पिणारा एकटा नसतो. ओतणारा असतो, किल्ली देणारा असतो आणि ‘हळू जा’ एवढेच म्हणून निरोप देणारे दहा जण असतात.

मग दारूच बंद का करू नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सीमाभागाइतके कोणाला ठाऊक असणार? हा मुलूख मुंबई राज्यात असताना 1950 मध्ये येथे दारूबंदी आली. 1 नोव्हेंबर 1956 ला आम्हांला न विचारता म्हैसूर राज्यात ढकलण्यात आले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि शेजारचे दार उघडे झाले. एका हद्दीत बंदी, दुसरीत परवाना, तिसरीत स्वस्ताई, असे तिन्ही कारभार या भूमीने पाहिले. त्यातून चोरट्या वाटा वाढल्या, हप्ते वाढले, पिणारे मात्र घटले नाहीत. म्हणून प्रत्येकाच्या प्याल्यावर पहारा बसवा, असे आम्ही म्हणत नाही. घरी बसून पिणाऱ्याशी त्याचे घर, त्याचा वैद्य आणि त्याचा देव पाहून घेईल. 1919 साली गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. त्यातील सुधाकराने स्वतःचा संसार धुळीस मिळविला. आजचा सुधाकर स्टिअरिंगवर बसतो आणि ज्याचे नावही त्याला ठाऊक नाही अशा माणसाचा संसार धुळीस मिळवितो. येथे प्रश्न व्यसनाचा राहत नाही, दुसऱ्याच्या प्राणाचा होतो.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शिनोळी, कणकुंबी, अनमोड आणि पुणे-बंगळूर महामार्गावरील कोगनोळी या ठिकाणी तिन्ही राज्यांनी मिळून रात्रीची श्वासतपासणी नियमाने करावी. केवळ 31 डिसेंबरला छायाचित्रांपुरती नव्हे. बाटली शोधणाऱ्या हातांत श्वासयंत्रही द्यावे. संशयाची अट काढून सरसकट तपासणीचा अधिकार देणारी दुरुस्ती केंद्राने करावी. तपासणीचे छायाचित्रण व्हावे आणि रक्ताचा नमुना दोन कुप्यांत, दोन ठिकाणी ठेवावा. पहिल्याच गुन्ह्यास सहा महिने परवाना जावा आणि त्याची नोंद तिन्ही राज्यांत एकाच वेळी दिसावी, म्हणजे कर्नाटकात काढून घेतलेला परवाना चंदगडात चालणार नाही. दुसऱ्यांदा सापडेल त्याचे वाहन जप्त व्हावे. मालकाने चालकाला सलग रात्री जागवून हाकलले असेल, तर त्याचीही चौकशी व्हावी. महामार्गावरील बारमालकाने झिंगलेल्या गिऱ्हाइकाला गाडीत बसू दिले, तर त्याच्या परवान्यावर गदा यावी. आणि तिन्ही राज्यांच्या बससेवांनी शनिवार-रविवारी उशिरापर्यंत गाड्या सोडाव्यात. ज्याला परतीची बस आहे, त्याच्या तोंडी ‘नाइलाज होता’ ही सबब शोभत नाही.

आणखी एक मागणी आमच्या जिव्हाळ्याची. या रस्त्यांवरील इशारे, दंडाचे कागद आणि अटक झालेल्याला त्याचे हक्क सांगणारे लिखाण मराठीतही असले पाहिजे. भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती जेथे पुरेशी आहे तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्र सरकारने 1956 मध्येच मान्य केले आहे. जो कायदा वाचताच येत नाही, त्याचा धाक कसा वाटावा? सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. रस्त्यावर मरणारा मराठी की कानडी, हे मालमोटारीचे चाक पाहत नाही. या एका कामात तिन्ही सरकारांनी हद्दीचा अभिमान बाजूस ठेवावा, आम्ही त्यांना साथ देऊ.

शेवटी आपल्याच बांधवांशी दोन शब्द. सरकारला दोष देऊन आपले हात धुतले जात नाहीत. हळदीच्या रात्री कोण ओततो? जत्रेच्या जेवणावळीत कोण आग्रह करतो? निवडणुकीच्या दिवसांत मराठीच्या नावाने मत मागणाऱ्यांच्या मांडवामागे बाटल्या कोण फोडतो? ‘एवढ्याने काय होते, मर्द आहेस ना!’ असे म्हणणारा मित्र जपानात असता तर कोठडीत गेला असता. येथे तो तिरडीला खांदा देतो. दरवर्षी 17 जानेवारीला आपण 1956 च्या हुतात्म्यांना अभिवादन करतो. त्यांनी प्राण दिले ते या मातीच्या हक्कासाठी. त्यांच्या मुलखातील पोरे महामार्गाच्या कठड्यावर डोके आपटून मरतात आणि मरताना दुसऱ्याचीही घेऊन जातात, यात कोणता पुरुषार्थ आहे? आमच्या गावोगावच्या युवक मंडळांनी, महिला मंडळांनी आणि आमच्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी एवढा एक नियम आजपासून करावा: प्यालेल्या माणसाच्या हातून किल्ली काढून घ्यावयाची. तो रागावेल, शिव्या देईल, मैत्री तोडावयास निघेल. सकाळी तो जिवंत असेल, आणि ज्याला तो वाटेत चिरडणार होता तोही. सरकारचा नाका उभा राहावयाचा तेव्हा राहील. मांडवाच्या दारातला नाका आजच उभा करता येतो.